प्रभावळीविना चरित्र



थोर व्यक्तीचें चित्र काढावयाचें म्हटलें कीं पुष्कळदां चित्रकार मस्तकामागें प्रभावळ काढून मोकळा होतो. पाहणारा हात जोडतो, आणि विचार करण्याचें त्याचें काम तेथेंच संपतें. मादाम मारी क्यूरी या विदुषीचें एक चित्रमय चरित्र मीं वाचलें; त्यांत प्रभावळ नाहीं, प्रकाश मात्र पानोपानीं आहे. या दोहोंतील भेद आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

पुस्तकाचें नांव ‘रेडिओअ‍ॅक्टिव्ह’. लेखन व चित्रें दोन्ही अमेरिकेंतील लॉरेन रेडनिस यांचीं. प्रकाशन सन २०१० मधील. क्यूरीबाईंचें सारें कार्य डोळ्यांस न दिसणाऱ्या किरणांविषयीं. जें दिसत नाहीं तें चित्रांत आणावें कसें? सन १८९६ मध्यें बेक्रेल यांनीं काळ्या कागदांत गुंडाळलेली फोटोची कांच युरेनियमच्या क्षारासह खणांत ठेविली होती. सूर्यप्रकाश न लागतांही तिच्यावर ठसा उमटला. किरणोत्सर्गाचा शोध असा फोटोच्या कांचेवरच लागला. रेडनिसबाईंनीं हाच धागा धरून आपलीं चित्रें ‘सायनोटाइप’ पद्धतीनें उतरविलीं. लोहक्षार लावलेला कागद उन्हांत धरावयाचा आणि मग पाण्यानें धुवावयाचा. ऊन लागलेला भाग गर्द निळा होतो, झांकलेला पांढरा राहतो. इमारतींचे जुने निळे नकाशे याच रीतीचे. किरणांचा शोध घेणाऱ्या स्त्रीची आकृति अशी किरणांनींच कागदावर उमटली!

ही निळाई केवळ शोभेची नव्हे. सन १८९८ मध्यें रेडियमचा शोध जाहीर केल्यावर तें वेगळें काढण्यासाठीं क्यूरी पतिपत्नी एका गळक्या छपराखालीं वर्षानुवर्षें राबलीं. रात्रीं तीं दोघें तेथें मुद्दाम परत जात आणि अंधारांत मंद चमकणाऱ्या नळ्या पाहत बसत. पुस्तकाचें वेष्टनही अंधारांत तसेंच चमकतें.

दुसरी निवड क्रमाची. चरित्र सरळ चाललें असतां मध्येंच १९४५ चें हिरोशिमा येतें, १९७९ चा थ्री माइल आयलंड येथील अणुवीजकेंद्राचा अपघात येतो, आणि कर्करोगावरील किरणोपचारही येतो. कालक्रम मोडतो खरा. परंतु शोधाचें फळ शोधाशेजारींच ठेवल्यानें गोड कोणतें व कडू कोणतें, हें वाचकास स्वतःच ठरवावें लागतें.

तिसरी निवड कांहींही न झांकण्याची. सन १९०६ मध्यें पिएर क्यूरी गाडीखालीं सांपडून वारले. सन १९११ मध्यें पोल लाँजव्हॅं यांच्याशीं असलेल्या स्नेहसंबंधावरून वृत्तपत्रांनीं बाईंविरुद्ध रान उठविलें. त्याच वर्षीं दुसरें नोबेल पारितोषिक मिळालें. तें घेण्यास स्टॉकहोमला येऊं नये, असें त्यांस सुचविण्यांत आलें. बाई गेल्या.

कोणी म्हणेल, मुलांमुलींपुढें हें सारें कशाला? जन्मभर शाळेंत शिकविलेल्या माणसाचें मत याच्या उलट आहे. प्रभावळीच्या देवतेला मुलगी नमस्कार करते आणि आपल्या कामाला लागते. ‘हें मलाही जमेल काय?’ असें तिच्या मनांत येत नाहीं. निंदा सोसून, थकूनही प्रयोगशाळेंत परतणारी बाई दाखविली, तर तो प्रश्न येतो.

शिवाय, प्रभावळीचें तेज कोणास जाळीत नाहीं. क्यूरीबाई मात्र सन १९३४ मध्यें रक्तक्षयाच्या असाध्य विकारानें वारल्या. त्याचें कारण बहुधा हेच किरण होते. त्यांच्या टिपणवह्यांतून अद्यापि किरण निघतात. ज्या तेजानें त्यांस मोहिनी घातली, त्यानेंच त्यांचें शरीर पोखरलें. हीं दोन्ही सत्यें एकाच निळ्या रंगांत दाखवितां आलीं, यांत या चित्रकर्त्रीचें यश आहे. आपल्या मुलींच्या हातीं थोर स्त्रियांचीं चित्रमय चरित्रें देतांना पालकांनीं ही कसोटी अवश्य लावून पाहावी.