स्मृती मंदावलेल्यांच्या हाती सोपी पाटी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला निवृत्त शाळामास्तर; यंत्रशास्त्राचा मला अधिकार नाही. परंतु आपल्या कित्येक घरांत आज अशी एक तरी वडीलधारी व्यक्ती आहे, जिची स्मृती मंद होत चालली आहे. मुले दूरदेशी असतात. ती प्रेमाने टॅब्लेट पाठवितात, आणि तो चार दिवसांत कपाटात जातो. हा दोष वृद्धाचा नव्हे. ते यंत्र त्याच्यासाठी मांडलेलेच नसते.

टॅब्लेट म्हणजे अखेर पाटीच. पहिल्या इयत्तेतील मुलाच्या पाटीवर आपण एका वेळी एकच अक्षर काढून देतो. सारी बाराखडी नव्हे. तोच न्याय येथे लावावा. यंत्रात भर घालण्यापेक्षा त्यातून काढून टाकणे, हेच येथे मुख्य काम होय.

आयपॅडवर २०२३ सालापासून ‘असिस्टिव्ह ॲक्सेस’ नावाची सोय आहे. सेटिंग्जमधील ‘ॲक्सेसिबिलिटी’ या विभागात ती सापडते. ती चालू केली म्हणजे आपण निवडलेल्या गोष्टी तेवढ्याच मोठ्या चौकोनांत दिसतात. कोणास कॉल करता यावा व कोणाचा यावा, हेही ठरविता येते. बाहेर पडण्यास बटण तीनदा दाबून गुप्तांक द्यावा लागतो, म्हणून चुकीचे बोट लागून मांडणी विस्कटत नाही. अँड्रॉइड यंत्रांत २०१४ पासून ‘ॲप पिनिंग’ आहे. त्यायोगे एकच ॲप पडद्यावर खिळवून ठेवता येते.

माझ्या ज्येष्ठ बंधूंसाठी, अण्णांसाठी, आम्ही तीनच चौकोन ठेवले: कॉल, छायाचित्रे आणि अभंग. कॉलची यादी त्यांनाच विचारून केली. मुलानातवंडांच्या आधी त्यांनी नाव सांगितले ते आपल्या शाळासोबत्याचे! आम्ही आमच्या मनाने यादी केली असती, तर ते नाव खचितच राहिले असते. फेसटाइमचा कॉल समोर ॲपलचे यंत्र असले तरच सरळ लागतो. म्हणून त्या सोबत्याच्या मुलाचा क्रमांक घालून त्यावर सोबत्याचे छायाचित्र लावले. अण्णा नाव वाचीत नाहीत. चेहरा पाहून बोट ठेवतात.

अल्झायमरसारख्या विकारात नुकतीच घडलेली गोष्ट आधी पुसली जाते. अंगवळणी पडलेली सवय पुष्कळ काळ टिकते. यास्तव विकाराच्या आरंभीच ही मांडणी करावी, रोज ठराविक वेळी, मन ताजे असताना, एकच कृती गिरवून घ्यावी, आणि एकदा बसविलेला चौकोन पुन्हा हलवू नये. टॅब्लेटची जागा व चार्जिंगची वेळही ठरलेली असावी. चुकल्यास रागावू नये. छडीने अक्षर वळत नाही, हे मी वर्गात पुष्कळदा पाहिले आहे.

पैशाच्या व्यवहाराचे ॲप मात्र या पाटीवर मुळीच नसावे. भामट्यांचे दूरध्वनी अशाच भाबड्या माणसांना हेरतात. दुर्दैवाने फसवणूक झालीच, तर लाजेने दडवून न ठेवता १९३० या सरकारी क्रमांकावर तत्काळ कळवावे.

शेवटी एक विनंती. कुलूप हे रक्षणासाठी असावे, बंदिवासासाठी नसावे. वडिलांची बुद्धी थकली म्हणून त्यांची इच्छा संपत नाही. काय ठेवावे व काय काढावे, हे त्यांना समोर बसवून विचारा; त्यांनी ‘नको’ म्हटले तर तेही ऐका. आपल्या ज्ञातीतील तरुणांनी या दिवाळीत आपल्या आळीतील एका तरी घरी जाऊन एवढे एक काम करून द्यावे. दोन तासांचे हे काम आहे. परंतु त्यामुळे एखाद्या वृद्धास आपल्या माणसाचा चेहरा रोज दिसेल. याहून मोठी ज्ञातिसेवा मला ठाऊक नाही.