फाशीचा दोर कुणाच्या गळ्यात?

(विहाराच्या वर्धापनदिन कार्यक्रमात दिलेले भाषण)



वर्धापनदिनाला बोलायचे म्हणजे धम्मावर बोलावे, बाबासाहेबांच्या कार्यावर बोलावे अशी आपल्याकडे रीत आहे. आम्ही आज तुरुंगावर आणि फाशीवर बोलणार आहोत. कुणी म्हणेल, मंगल दिवशी हा अमंगळ विषय कशाला काढला? पण थोड्या वेळापूर्वी आपण सर्वांनी हात जोडून पंचशील घेतले. त्यातले पहिलेच शील जीवहत्येपासून दूर राहण्याचे आहे. हे शील आपल्या घरापुरतेच आहे, की आपल्या नावाने सरकार जे करते त्यालाही लागू आहे, एवढा एकच प्रश्न आम्ही आज तुमच्यापुढे ठेवणार आहोत.

बंधुभगिनींनो, तुरुंग आपल्यापासून लांब नाही. गिरणगावातल्या माणसाला सात रस्त्याजवळची आर्थर रोडची भिंत काय नवीन आहे? पण त्या भिंतीच्या आत काय चालते, हे पोरगा आत गेल्याशिवाय घरच्यांना कळत नाही. या तुरुंगाची मंजूर क्षमता कित्येक वर्षे आठशेच्या आसपास होती. तिथे कित्येक वर्षे त्याच्या तिप्पट-चौपट माणसे कोंबलेली असतात. एका कुशीवर झोपायचे, कूस बदलायची तर शेजाऱ्याला उठवायचे. खरूज एकाला झाली की बराकीला होते. आई नाहीतर बायको रोजगार बुडवून मुलाखतीला जाते, रांगेत उभी राहते. जाळीपलीकडे दहा जण एकदम ओरडत असतात, त्यात आपल्या माणसाचा आवाज शोधायचा. "वकील आला होता का?" एवढे विचारेपर्यंत वेळ संपते. तारखेच्या दिवशी पोलीस पार्टी मिळाली नाही की आरोपी कोर्टात जात नाही आणि पुढची तारीख पडते. अशी वर्षे जातात.

आता आकडा ऐका. सरकारच्याच राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर माणसे होती. त्यांतली ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी. म्हणजे चारांतल्या तिघांवर गुन्हा शाबीत झालेलाच नव्हता. हे सगळे गुन्हेगार असते, तर त्यांना शिक्षा झाली असती. हे सगळे पैसेवाले असते, तर ते जामिनावर घरी असते. कोर्ट जामीन देते, पण जामीनदार आणायचा कुठून? त्याला पगाराची स्लिप लागते, घराचे कागद लागतात. झोपडीतल्या माणसाला जामीनदार राहणारा माणूसही झोपडीतलाच असतो. म्हणून जामिनाचा हुकूम हातात असूनही माणूस आत राहतो. याला न्याय म्हणायचे का?

आणि आत गेल्यावर तरी जात सुटते का? तर नाही. मनुस्मृतीत एकाच गुन्ह्याला वर्ण बघून वेगळी शिक्षा होती. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली ती जाळली गेली. संविधान आले, कायद्यापुढे सगळे समान झाले. तरीही अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावलीत, झाडलोट आणि संडास सफाई कोणत्या जातीच्या कैद्याने करावी, स्वयंपाक कोणत्या जातीच्या कैद्याने करावा, हे लिहिलेले होते! मुंबईच्या एका पत्रकार भगिनीने हे शोधून काढले, ती सर्वोच्च न्यायालयात गेली आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायालयाने असले नियम घटनाबाह्य ठरवले. कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढायला सांगितला. संविधान लागू झाल्यावर चौऱ्याहत्तर वर्षांनी. कायद्याच्या पुस्तकातून जात गेली, आता बराकीतून ती जाते की नाही यावर आपल्याला डोळा ठेवायचा आहे.

आता फाशीकडे वळू. महाराष्ट्रात फाशी देण्याची सोय दोन ठिकाणी आहे, पुण्याला येरवड्यात आणि नागपूरला. फाशी सुनावलेला माणूस म्हणजे टीव्हीवर दाखवतात तसा कोणी राक्षस, असे आपल्याला वाटते. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने फाशीच्या कैद्यांना आणि त्यांच्या घरच्यांना भेटून २०१६ साली मोठा अहवाल काढला. त्यात काय निघाले? शंभरातले चौऱ्याहत्तर गरीब घरचे. साठांहून अधिक जणांचे माध्यमिक शिक्षणसुद्धा पुरे झालेले नाही. चारांतले तीन मागासवर्गीय किंवा अल्पसंख्याक. मोठ्या घरच्या माणसांच्या हातून खून होतच नाहीत काय? होतात. पण त्यांचा वकील पहिल्या दिवसापासून पोलीस ठाण्यात हजर असतो. गरिबाचा वकील त्याला कोर्टात पहिल्यांदा भेटतो, तोही पाच मिनिटे. दोर सगळ्यांसाठी सारखाच वळलेला असतो, पण तो बरोबर गरिबाचाच गळा शोधतो.

आपल्याच महाराष्ट्रातला एक खटला सांगतो. जून २००३ मध्ये एका कुटुंबावर रात्री दरोडा पडला. पाच जणांचे खून झाले, बायकांवर अत्याचार झाले. गुन्हा भयंकरच होता, ऐकून कोणाचेही रक्त तापेल. पोलिसांनी भटक्या जमातीतले सहा मजूर पकडले. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप केली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली. तीन कोर्टे झाली, आता कोणाला शंका राहील? पण खटला पुन्हा उघडला गेला. तेव्हा दिसले की वाचलेल्या साक्षीदार बाईने अगदी सुरुवातीला पोलिसांच्या फोटोंतून वेगळीच चार माणसे ओळखली होती आणि ती गोष्ट मागे पडली होती. ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले, प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले आणि तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाईचे आदेश दिले.

सोळा वर्षे, बंधूंनो! सहांतला एक तर गुन्ह्याच्या वेळी अठरा वर्षांचाही नव्हता. सोळा वर्षांत घरचे म्हातारे गेले, लेकरे बाप न बघता मोठी झाली. पाच लाखांत यातले काय परत येते? पण निदान ती माणसे जिवंत बाहेर आली. मध्येच केव्हा फाशीचा अंमल झाला असता, तर २०१९ चा निकाल कोणाला वाचून दाखवायचा होता? मागावर सूत तुटले तर आपण गाठ मारतो. माणसाचा श्वास तुटला की गाठ मारणारा कारागीर अजून जन्मलेला नाही. आणि त्या मारल्या गेलेल्या कुटुंबाला तरी काय मिळाले? खरे गुन्हेगार राहिले बाजूला.

आता तुमच्या मनातला प्रश्न आम्हाला माहीत आहे. आमच्या भगिनी विचारतात, "दादा, हे सगळं ठीक आहे, पण खैरलांजी करणाऱ्यांचं काय? त्यांना पण सोडायचं का?" हा प्रश्न टाळून या विषयावर बोलण्याचा कोणालाच अधिकार नाही. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यात खैरलांजीला भोतमांगे कुटुंबातली चार माणसे, आई, मुलगी आणि दोन मुलगे, जमावाने ठार मारली. महाराष्ट्रभर आपला समाज रस्त्यावर आला. फाशी द्या, फाशी द्या अशा घोषणा झाल्या. त्या रागाला कारण होते, आजही आहे. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने ती फाशी पंचवीस वर्षांच्या कैदेत बदलली.

पण आमची खरी जखम कोणती होती, ते नीट आठवा. दोन्ही न्यायालयांनी हा गुन्हा जातीय अत्याचार आहे हे मानलेच नाही. ॲट्रॉसिटीचा कायदा लावला नाही. फाशी सुनावली तेव्हाही सत्य नाकारलेच गेले होते! भैयालाल भोतमांगे २०१७ मध्ये वारले, ते हे सत्य कोर्टाच्या कागदावर बघायची वाट बघतच. म्हणून आम्ही म्हणतो, आपली मागणी दोराची नसावी. वेळेवर तपास, ॲट्रॉसिटीचे कलम, साक्षीदाराला संरक्षण, चांगला सरकारी वकील आणि खात्रीने शिक्षा, ही आपली मागणी असावी. गुन्हेगाराला सोडा असे आम्ही म्हणतच नाही. त्याने तुरुंगात वर्षे काढावीत, आपण काय केले ते रोज उठून बघावे. फाशीची घोषणा दिली की सरकारचे काम सोपे होते. एक दोर दाखवायचा आणि शंभर खटले कुजवायचे. शिवाय तो दोर एकदा तयार ठेवला की पुढच्या खेपेला तो कोणाच्या वस्तीकडे येतो, हे आपण आत्ताच पाहिले.

आणि हा विचार काही आमच्या घरचा नाही. ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत फाशीच्या शिक्षेविरुद्ध अपील करण्याच्या हक्काची चर्चा चालली होती. तेव्हा परमपूज्य बाबासाहेब उभे राहिले आणि म्हणाले की, त्यांचा स्वतःचा कल फाशीची शिक्षाच रद्द करण्याकडे आहे. हा देश परंपरेने अहिंसेचे तत्त्व मानतो, माणसे ते आचरणात आणत नसली तरी नैतिक आदेश म्हणून मानतात, तेव्हा फाशी पूर्णपणे रद्द करणेच योग्य, असा त्यांचा अभिप्राय होता. धर्मांतराच्या सात वर्षे आधीची ही गोष्ट. ज्या माणसाने आयुष्यभर अपमान सोसला, त्याने सूडाची भाषा केली नाही. त्यांचे मत आपल्या किती जणांना माहीत आहे? जयंतीच्या एका तरी फलकावर ते यायला नको का?

त्याच्याही मागे जा. सम्राट अशोकाने फाशी बंद केली नव्हती, हे खरे. पण चौथ्या स्तंभलेखात त्याने मृत्युदंड झालेल्या कैद्यांना तीन दिवसांची मुदत दिली, कारण नातलगांना त्यांच्या जीवासाठी खटपट करता यावी. पाचव्या स्तंभलेखात तो सांगतो की, राज्याभिषेकापासून सव्वीस वर्षांत त्याने पंचवीस वेळा कैदी सोडले. बावीसशे वर्षांपूर्वीचा राजा तीन दिवस थांबायला तयार होता. आपल्या काळात फेटाळलेला दयेचा अर्ज आणि फाशी यांत चौदा दिवसांचे अंतर असावे, घरच्यांना आधी कळवावे, हे सर्वोच्च न्यायालयाला २०१४ मध्ये सांगावे लागले.

आणि अंगुलिमाल तर आपल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. पण गोष्ट आपण अर्धीच सांगतो. राजा प्रसेनजित घोडेस्वार घेऊन त्याला पकडायला निघाला होता. तथागतांनी आधी राजाला विचारले, तो भिक्षू होऊन शीलाने वागताना दिसला तर काय कराल? राजा म्हणाला, वंदन करू. मग तथागतांनी शेजारी बसलेला अंगुलिमाल दाखवला. राजाने कबूल केले की, दंडाने आणि शस्त्राने आम्हाला जे जमले नाही ते आपण त्यावाचून केले. पुढे काय झाले? भिक्षेला गेला की लोक त्याला दगड मारीत, डोके फुटे. तथागत म्हणाले, सहन कर, हे तुझ्या कर्माचे फळ आहे. म्हणजे केल्याचा हिशोब चुकला नाही, पण माणूस बदलायला जिवंत राहिला. मेलेला माणूस बदलत नाही, एवढी साधी ही गोष्ट आहे.

आता नुसते भाषण करून आम्ही खाली बसणार नाही. या विहाराने काय करायचे तेही सांगतो. वस्तीतला कोणी पकडला गेला तर पहिल्याच दिवशी चार माणसांनी पोलीस ठाण्यात जावे. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करणे हा संविधानाच्या कलम २२ चा हक्क आहे. अटकेचा पंचनामा-कागद मागावा, वेळ लिहून घ्यावी. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, स्त्रियांना आणि कोठडीतल्या कोणालाही १९८७ च्या कायद्याप्रमाणे फुकट वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, पहिल्यांदाच आरोपी झालेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा तिसरा हिस्सा आत काढला असेल तर त्याला सोडण्याची तरतूद आहे. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून जास्त खटले असतील त्यांना ती लागू नाही. आपल्या वस्तीतली कोणती पोरे या हिशोबात बसतात, त्याची वही विहारात ठेवा. जामिनाचे पैसे भरता येत नाहीत अशा गरीब कैद्यांसाठी २०२३ पासून केंद्राची योजना आहे, तिचाही अर्ज भरा. वाचता येणाऱ्या मुलामुलींनी रविवारी तासभर बसून हे अर्ज लिहावेत. दानपेटीतला थोडा वाटा मुलाखतीला जाणाऱ्या आईच्या गाडीभाड्याला द्यावा.

आणि एक. ज्याचा पोरगा आत आहे, ते घर विहारात यायला लाजते. वंदनेला मागच्या रांगेत बसते, खीरदानाच्या दिवशीही येत नाही. त्या घराचे दार आपण आधी वाजवायला हवे. तथागतांनी अंगुलिमालाला संघात जागा दिली, आपण त्याच्या म्हाताऱ्या आईला सतरंजीवर जागा देऊ शकत नाही काय?

भगवान बुद्धांच्या करुणेला आणि बाबासाहेबांच्या संविधानाला वंदन करून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो. विहाराला वर्धापनदिनाच्या मंगल कामना!

जयभीम! नमो बुद्धाय! जय भारत!