परिचारिकांची निष्ठा

परिचारिका कडवट झाल्या आहेत, असे आपण वारंवार ऐकतो. पण कडवट कोणाविषयी?

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९७३ च्या नोव्हेंबरात कपडे बदलत असताना परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर अमानुष हल्ला झाला. सहकारी परिचारिकांनी संप केला. पुढे १९८० च्या दशकात महापालिका अरुणाताईंना तेथून हलवू पाहत होती; तेही परिचारिकांनी होऊ दिले नाही. मे २०१५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत, ४१ वर्षांहून अधिक काळ, परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना भरविले, न्हाऊ घातले. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये या सेवेची प्रशंसा केली.

प्रशासनाशी भांडणाऱ्या आणि रुग्णाला न सोडणाऱ्या स्त्रिया त्याच होत्या! तेव्हा निष्ठेची चौकशी करण्यापूर्वी आपल्या रुग्णालयात रात्रपाळीस परिचारिका किती, त्यांची कपडे बदलण्याची खोली कोठे, एवढे पाहून यावे.