एका विद्यार्थिनीचा प्रश्न आणि आन्शुट्झ यांचा ‘शीघ्रदर्शक’

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)

सन्माननीय अध्यक्ष महोदय, संस्थेचे विश्वस्त, पालकहो आणि माझ्या माजी विद्यार्थ्यांनो,

‘विद्यार्थ्यांनो’ असे म्हणताना आज थोडा संकोच वाटतो. पहिल्या तुकडीतील जी मंडळी समोर बसली आहेत, ती वयाने माझ्याहून थोर आहेत. या शाळेत मी रुजू झाले तेव्हा त्यांची मुले येथे शिकत होती. त्यांनी हे संबोधन गोड मानून घ्यावे.

अशा प्रसंगी मुख्याध्यापिकेने शाळेचा इतिहास सांगावा असा संकेत आहे. तो आपल्या ज्येष्ठ विश्वस्तांनी स्मरणिकेत माझ्यापेक्षा अधिक जाणकारीने लिहिला आहे. मला आज एक जुने देणे फेडायचे आहे आणि त्यासाठी तुम्हांला सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या बर्लिन शहरात न्यायचे आहे.

या हिंदीभाषक नगरात मराठी माध्यमाची शाळा चालवायची म्हणजे काय, हे येथील पालकांना वेगळे सांगायला नको. विषयशिक्षक मिळत नाहीत. मिळाले तरी टिकत नाहीत. मी इतिहासाची एम.ए.; परंतु पहिल्या काही वर्षांत मी भूगोल शिकवला, शारीरिक शिक्षणाचे तास घेतले आणि एक संपूर्ण सत्र आठवीला विज्ञानही शिकवले. त्या सत्रात ‘दृष्टिसातत्य’ हा भाग आला. डोळ्याच्या दृष्टिपटलावर उमटलेली प्रतिमा सेकंदाचा सुमारे सोळावा भाग टिकून राहते, तेवढ्यात पुढचे चित्र येते आणि म्हणून चित्रपटातील चित्रे हलताना दिसतात, असे मी वाचून दाखवले आणि फळ्यावर लिहिले. तेव्हा तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ती म्हणाली, “बाई, पहिले चित्र डोळ्यांत राहिले असेल, तर दुसरे त्याच्यावरच बसेल ना? मग तिसरे, मग चौथे. सगळी गिचमिड होईल. हलताना कसे दिसेल?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. ‘उद्या पाहून सांगते’ एवढे म्हणता आले असते. मी म्हणाले, “पुस्तकात आहे तेवढे लिही.” ती बसली. सहामाहीत तो प्रश्न आला, तिने पुस्तकातले उत्तर लिहिले आणि मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले. तिचा प्रश्न अचूक होता आणि मी लिहून घेतलेले उत्तर चूक होते, हे मला कळायला पुष्कळ वर्षे जावी लागली. तिला मेळाव्याचे निमंत्रण धाडले आहे. ती या सभागृहात आहे की नाही, हे व्यासपीठावरून दिसत नाही; परंतु बोलणार आहे ते मुख्यतः तिच्यासाठीच.

गेल्या वर्षी नववीच्या मुलांनी महोत्सवाच्या प्रदर्शनासाठी ‘हलती चित्रे’ हा विषय निवडला. त्यांच्या बरोबरीने वाचू लागले, तेव्हा ओटोमार आन्शुट्झ हे नाव भेटले. हे गृहस्थ १८४६ साली लिसा या गावी जन्मले. ते गाव तेव्हा प्रशियाच्या राज्यात होते, आज पोलंडमध्ये आहे आणि लेश्नो या नावाने ओळखले जाते. व्यवसायाने ते छायाचित्रकार. १८८४ मध्ये त्यांनी उडणाऱ्या करकोच्यांची छायाचित्रे घेतली. पंखांची पिसे वेगवेगळी मोजता यावीत इतकी ती स्पष्ट होती. मानवी उड्डाणाचे स्वप्न पाहणारे ओटो लिलिएन्थाल हे पक्ष्यांच्या पंखांचा अभ्यास करत होते, त्यांना या छायाचित्रांचे मोठे अप्रूप वाटले. पुढे लिलिएन्थाल स्वतः टेकडीवरून पंख बांधून झेपावू लागले, तेव्हा त्यांची छायाचित्रे आन्शुट्झ यांनीच टिपली.

घोड्याची दौड कॅमेऱ्यांच्या रांगेने टिपण्याचा प्रयोग अमेरिकेत मायब्रिज यांनी १८७८ मध्ये केला होता. आन्शुट्झ यांनी तोच मार्ग धरला, परंतु त्यांची चित्रे अधिक रेखीव होती. प्रश्न असा, की टिपलेली ती चित्रे पुन्हा जिवंत कशी करावीत? मायब्रिज यांनी आपल्या प्रक्षेपकासाठी छायाचित्रांवरून काचेवर चित्रे रंगवून घेतली होती. आन्शुट्झ यांना मूळ छायाचित्रेच हलती हवी होती.

त्यांनी जे यंत्र केले त्याला जर्मन भाषेत ‘श्नेल्सेहर’ म्हणत. इंग्रजीत ते ‘इलेक्ट्रोटॅकिस्कोप’ झाले. आमच्या नववीच्या वर्गाने त्याला ‘शीघ्रदर्शक’ हे नाव दिले आहे आणि मला ते आवडले. मार्च १८८७ मध्ये बर्लिनच्या शिक्षण खात्याच्या मंत्र्यांसमोर ते प्रथम दाखवले गेले. (शिक्षणमंत्री असे यंत्र पाहायला वेळ काढीत, याची मी येथे केवळ नोंद करते.)

त्याची रचना अशी. एक मोठी पोलादी चकती. तिच्या कडेने काचेवरची चोवीस पारदर्शक छायाचित्रे बसवलेली. चकतीच्या मागे, एका जागी स्थिर, दुधी काच. आणि तिच्या मागे गाइसलर नळीचे वेटोळे. बॉनच्या हाइनरिश गाइसलर या काच फुंकणाऱ्या कारागिराने १८५७ च्या सुमारास विरळ वायू भरलेली ही नळी तयार केली होती. तिच्यातून उच्च दाबाची वीज गेली की ती क्षणात उजळते आणि क्षणात विझते. साध्या दिव्याची तार तापायला आणि निवायला वेळ लागतो. या नळीला तो लागत नाही. चकती फिरू लागली की एकेक चित्र दुधी काचेसमोर येई, आणि ते अगदी समोर आले की चकतीच विजेचा संपर्क जुळवून आणी. नळी लखकन चमके. तो लखलखाट इतका अल्प असे की फिरते चित्रही त्या प्रकाशात स्थिर दिसे. मग काळोख. मग पुढचे चित्र, त्याच जागी, पुन्हा लखलखाट. चकती क्षणभरही थांबत नसे.

अंधाऱ्या खोलीच्या भिंतीत एक छोटी चौकट ठेवलेली असे आणि तिच्यासमोर एका वेळी चार ते सात माणसे उभी राहत. सेकंदाला तीसच्या आसपास चित्रे दाखवली जात. आता आमच्या मुलांनी मांडलेले गणित ऐका. चोवीस चित्रे, सेकंदाला तीस. म्हणजे संपूर्ण खेळ ०.८ सेकंदाचा. घोडा उडी मारतो, खाली येतो आणि पुन्हा तीच उडी मारतो. तरीही लोक तेथून हलायला तयार नसत. कारण त्यापूर्वी कोणी छायाचित्रातील घोड्याला उडी मारताना पाहिलेच नव्हते.

१८९१ पासून बर्लिनच्या सीमेन्स उंट हाल्स्के या कारखान्याने या यंत्राची आटोपशीर, स्वयंचलित आवृत्ती बनवली. एका पेटीत नाणे टाकावे, भिंगातून डोकावावे, आत वीज आपले काम करी. त्या वर्षी फ्रँकफुर्टच्या आंतरराष्ट्रीय विद्युत प्रदर्शनात ती मांडली गेली. १८९२ च्या उन्हाळ्यात बर्लिनच्या प्रदर्शन उद्यानात सुमारे ३४,००० लोकांनी पैसे मोजून ती पाहिली. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक मेळ्यातही ती होती. पत्ते खेळणारे गडी, न्हाव्याकडे तोंडाला फेस लावून बसलेले गिऱ्हाईक असे साधे, घरगुती विनोदाचे प्रसंगही तिच्यात असत. एकंदर सुमारे दीडशे पेट्या तयार झाल्या.

आन्शुट्झ एवढ्यावर थांबले नाहीत. २५ नोव्हेंबर १८९४ रोजी बर्लिनच्या टपाल खात्याच्या इमारतीत त्यांनी हीच चित्रे सहा मीटर बाय आठ मीटरच्या पडद्यावर दाखवली. फेब्रुवारी आणि मार्च १८९५ मध्ये जुन्या संसदभवनात, तीनशे प्रेक्षकांच्या सभागृहात, तिकीट लावून खेळ झाले. ल्युमिएर बंधूंचा पॅरिसमधील सुप्रसिद्ध खेळ झाला २८ डिसेंबर १८९५ रोजी. इतिहासाच्या तासाला ‘चित्रपटाचा जन्म’ म्हणून मी हीच तारीख अनेक वर्षे पाठ करून घेतली आहे. तुमच्यापैकी कित्येकांना ती आजही आठवत असेल. ती खोटी नाही. परंतु त्या आधीच्या वसंतात बर्लिनमध्ये तीनशे माणसे अंधारात बसून पडद्यावरची हलती छायाचित्रे पाहत होती, हे मी कधी सांगितले नाही, कारण मलाच ते ठाऊक नव्हते.

मग हा माणूस मागे का पडला? चूक चित्रांत नव्हती. त्यांची छायाचित्रे आरंभीच्या चित्रपटांहून सरस होती असेच मला वाटते. अडचण चकतीची होती. चकतीला परीघ असतो. चोवीसाची अठ्ठेचाळीस चित्रे करायची तर चकती दुप्पट मोठी हवी. एक मिनिटाचा प्रसंग दाखवायचा तर ती या मैदानाएवढी झाली असती. सेल्युलॉइडच्या फितीला असे बंधन नाही. ती हवी तितकी लांब करून गुंडाळता येते. एडिसन आणि ल्युमिएर यांनी फीत धरली. आन्शुट्झ आपल्या चकत्यांवरच राहिले आणि १८९५ नंतर पुन्हा छायाचित्रणाच्या व्यवसायाकडे वळले. १९०७ मध्ये ते बर्लिन येथे निवर्तले.

त्याच सुमारास आपल्याकडे काय चालले होते, हेही सांगते. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांचे चिरंजीव काचेवर हाताने रंगवलेली चित्रे कंदिलाच्या प्रकाशात पडद्यावर दाखवून पुराणकथा सांगत. त्या खेळाचे नाव ‘शांबरिक खरोलिका’. विजेशिवाय, केवळ काचा सरकवण्याच्या हस्तकौशल्याने ते चित्रांत हालचाल आणत. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर यांच्या चित्रांचा खेळ झाला आणि हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी विलायतेहून कॅमेरा मागवून १८९९ मध्ये कुस्तीचे चित्रीकरण केले. फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चा उल्लेख आपण सारेच करतो, पटवर्धनांचा क्वचितच.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येते.

आमच्या नववीने जुन्या सायकलच्या चाकावर शीघ्रदर्शकाची प्रतिकृती केली आहे. सूर्यनमस्काराच्या बारा स्थितींची चित्रे माग काढायच्या पातळ कागदावर काढून चाकाला लावली. पहिल्या दिवशी चाकामागे दिवा सतत तेवत ठेवला आणि चाक फिरवले. काय दिसले? राखाडी पट्टा. माणूस नाही, नमस्कार नाही, निव्वळ गिचमिड. मी तेथेच खुर्चीवर बसले. तिसऱ्या बाकावरचा तो आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

मग मुलांनी चाकाच्या कडेला खिळे बसवले. खिळा पत्र्याच्या पट्टीला टेकेल तेवढ्यापुरता एलईडी दिवा लागावा अशी जोडणी केली. खिळे जाड असल्यामुळे दिवा जास्त वेळ राही आणि चित्र लांबट, पुसट दिसे. म्हणून खिळ्यांच्या जागी टाचण्या आल्या. आकृती उभी राहिली, पण ती धक्के खात एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत उडी मारी. मुलांनी दर दोन स्थितींच्या मध्ये एकेक चित्र घातले. चोवीस झाली आणि तो कागदी मुलगा सलग वाकू लागला.

तेव्हा, बाळ, तुझे म्हणणे असे बरोबर होते. प्रतिमा डोळ्यांत काही काळ रेंगाळते हे खरे, आणि मधला काळोख फारसा जाणवत नाही याचे श्रेय काही अंशी तिला देता येईल. परंतु रेंगाळण्यातून हालचाल उत्पन्न होत नाही. चित्रे एकमेकांवर साचली तर तू म्हणालीस तेच होते. माक्स वेर्थहायमर या मानसशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये फ्रँकफुर्टमधील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. दोन रेषा, दोन जागी, एकीमागून एक क्षणभर दाखवायच्या. मध्ये फार वेळ गेला तर दोन वेगळ्या रेषा दिसतात. फारच थोडा गेला तर दोन्ही एकदम दिसतात. आणि त्या दोहोंच्या मधल्या एका नेमक्या अंतराला एकच रेषा इकडून तिकडे सरकताना दिसते. प्रत्यक्षात काहीच सरकलेले नसते. हालचाल जुळवतो तो मेंदू. ती जुळायला प्रत्येक चित्र स्वच्छ आणि सुटे दिसावे लागते. म्हणूनच आन्शुट्झ यांची नळी दर चित्रानंतर विझत असे.

उत्तराला अनेक वर्षे उशीर झाला, त्याबद्दल मी दिलगीर आहे. नववीच्या सध्याच्या वर्गाला हा भाग मी स्वतः शिकवला आणि ‘बाई, मेंदू हे कसे करतो?’ हा प्रश्न तासाला आला. मी ‘माहीत नाही’ असे फळ्यावर लिहून तारीख घातली आहे. ते अद्याप पुसलेले नाही.

अल्पोपाहारानंतर प्रयोगशाळेत ते चाक सुरू असेल. खोली अंधारी केली आहे आणि चौकट लहान आहे. एका वेळी पाचच जणांना नीट दिसते, म्हणून कृपया दारापाशी रांग लावावी. लहान मुलांना पुढे उभे करावे. चाक नववीतील मुले फिरवतील, इतरांनी त्याला हात लावू नये. टाचण्या हाताला लागतात.