मद्यार्क : मोटारीसाठीं कीं चुलीसाठीं ?

ज्या पदार्थाचें नांव निघतांच सभ्य घरांत कानांवर हात ठेवण्याची रीत होती, तो मद्यार्क आज त्याच घरच्या मोटारीच्या टाकींत जाऊन बसला आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलांत आतां सुमारें पांचवा हिस्सा मद्यार्काचा, म्हणजे इथेनॉलचा, असतो. हा पाहुणा हितकर कीं अहितकर, आणि त्याला स्वयंपाकघरांतहि प्रवेश द्यावा कीं काय, या वादाच्या दोन्ही बाजू श्रोत्यांनीं शांतपणें ऐकण्यासारख्या आहेत.

ही कल्पना नवी नव्हे. पेट्रोलांत मद्यार्क मिसळण्यासंबंधींचा कायदा आपल्या देशांत १९४८ सालींच झाला होता. परंतु मिश्रणाची व्यवस्थित योजना २००३ सालीं सुरू झाली, आणि त्यानंतर दहा वर्षांनींहि प्रमाण दीड टक्क्याच्या आसपासच रेंगाळत होतें. पुढें मात्र वेग आला. २०२२ सालीं दहा टक्के आणि २०२५ सालीं वीस टक्के, अशी मजल गांठली गेली.

पुरस्कर्त्यांचें म्हणणें सरळ आहे. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकीं ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशांतून येतें. जो पैसा तिकडे जातो, तो येथील ऊंस व मका पिकविणाऱ्याला कां मिळूं नये ? साखर विकली न गेल्यानें ज्याचें बिल थकत होतें, त्या शेतकऱ्याला हा प्रश्न बिनतोड वाटतो, यांत नवल नाहीं.

आक्षेपकांचें म्हणणेंहि पोकळ नाहीं. एक लिटर मद्यार्कांत तेवढ्याच पेट्रोलच्या सुमारें दोन-तृतीयांश इतकीच उष्णता असते. त्यामुळें जुन्या चारचाकी गाड्यांचें अंतर सहा-सात टक्क्यांनीं घटेल, असा अंदाज २०२१ च्या सरकारी अहवालांतच दिला होता. आपल्या गाडीस कोणतें तेल घालावें हें ठरविण्याची मुभा ग्राहकाला नाहीं, ही तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. पण १ सप्टेंबर २०२५ रोजीं तो अर्ज फेटाळला गेला. ब्राझिल देशांत १९७५ पासून हा उद्योग चालू आहे. तेथें नुसता मद्यार्कहि पंपावर वेगळा मिळतो, आणि कोणतेंहि मिश्रण चालणाऱ्या मोटारी २००३ पासून विकल्या जात आहेत. मात्र साखरेचा भाव चढतांच १९८९ च्या सुमारास तेथेंहि मद्यार्काची टंचाई झाली होती.

खरा पेंच पाण्याचा आहे. त्याच अहवालाप्रमाणें उंसापासून एक लिटर मद्यार्क मिळण्यास सुमारें २८६० लिटर पाणी लागतें. २०२३ सालीं पाऊस कमी झाला, तेव्हां डिसेंबरांत सरकारला उंसाच्या रसापासून मद्यार्क करण्यावर निर्बंध घालावे लागले. महाराष्ट्रांत एकीकडे ऊंस डोलतो आणि दुसरीकडे गांवें टँकरची वाट पाहतात, हें दृश्य कोणास ठाऊक नाहीं ?

आतां चुलीकडे वळूं. स्वयंपाकाच्या गॅसपैकींहि सुमारें साठ टक्के गॅस परदेशांतून येतो. येथें एक शास्त्रीय भेद ध्यानांत घेण्यासारखा आहे. साध्या ऊर्ध्वपातनानें मद्यार्कांतील पाणी चार-पांच टक्क्यांखालीं जात नाहीं. मोटारीला तर जवळजवळ निर्जल मद्यार्क लागतो. त्यासाठीं वेगळी यंत्रसामग्री व जादा इंधन खर्चावें लागतें. शेगडीला ही चैन नको. सातारा जिल्ह्यांतील फलटण येथील निंबकर कृषि संशोधन संस्थेंत डॉ. अनिल राजवंशी यांनीं निम्म्याच्या आसपास पाणी असलेल्या मद्यार्कावर चालणारी शेगडी तयार केली. अशा इंधनाचा भडका उडण्याची भीति कमी, आणि भांड्यांना काजळी नाहीं.

अर्थात् धोका मुळींच नाहीं असें नव्हे. मद्यार्काची ज्योत दिवसां नीट दिसत नाहीं; तापलेल्या शेगडींत इंधन ओतणें म्हणजे संकटास बोलावणें होय. शिवाय तें पिण्यास अयोग्य करून विकावें लागतें आणि अबकारी खात्याचे निर्बंध पाळावे लागतात. इथिओपियांत अशा शेगड्यांचा प्रयोग चांगला चालला होता. परंतु पेट्रोलांत मद्यार्क मिसळण्यास तेथें आरंभ होतांच शेगड्यांना तो पुरेनासा झाला. मोटार आणि चूल एकाच पिंपापाशीं उभ्या राहिल्या, म्हणजे चूल मागें पडते.

म्हणूनच मिश्रणाचा आंकडा वीसाच्या पुढें नेण्यापूर्वीं दोन गोष्टी व्हाव्यात. पंपावर जुन्या गाड्यांसाठीं कमी मिश्रणाचें तेल वेगळें मिळावें. आणि साखर कारखान्यांच्या परिसरांत, केवळ मळीपासून निघणाऱ्या मद्यार्काचा कांहीं भाग शेगड्यांसाठीं राखून पहावा. त्यासाठीं नवा ऊंस लावण्याचें कारण नाहीं. हा विषय तज्ज्ञांवर सोंपवून श्रोत्यांनीं स्वस्थ बसूं नये. टाकींत जाणारा पैसा त्यांचा आहे, आणि उंसाला जाणारें पाणीहि त्यांच्याच नळाचें आहे.