दगडातील तेज
(संस्थेच्या महोत्सवी मेळाव्यात नेरडीगोंडा येथे दिलेले व्याख्यान)



मी काही शास्त्रज्ञ नव्हे. तरी या दगडाविषयी बोलण्याचा थोडासा अधिकार मला आहे. आमच्या घराने त्याचे मोल मोजले आहे.

एका फिरत्या विक्रेत्याने माझ्या चुलत्यांना हा दाखविला. अंधाऱ्या खोलीत जांभळ्या उजेडाची विजेरी धरताच पांढरट गुलाबी खडा निखाऱ्यासारखा फुलला. “काका, नागमणी आहे,” तो म्हणाला. म्हैस विकून आलेले पैसे त्याच रात्री गेले. काकूंनी पुढे कित्येक महिने दूध विकत आणले. पण चकार शब्द काढला नाही.

(येथे दिवे मालवून दगड दाखविण्यात आला.)

पाहिलेत ना? तेज खरे होते; खोटे होते ते नाव. हा कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आपल्या चुनखडीतले मुख्य खनिज. शुद्ध कॅल्साइट सहसा फारसा उजळत नाही. कॅल्शियमच्या जागी थोडे मँगॅनीज शिरले म्हणजे गुलाबी छटेचा मँगॅनो-कॅल्साइट होतो. डोळ्यांना न दिसणारे जंबुपार किरण त्यावर पडले की, पुष्कळदा शिशाच्या लेशमात्र अंशामार्फत, त्यांची शक्ती मँगॅनीजला पोचते आणि तांबूस प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. लोहाचा अंश वाढला तर हे तेज मंदावते. या गुणाला मराठीत अनुस्फुरण म्हणतात. त्याचे इंग्रजी नाव १८५२ साली स्टोक्स या शास्त्रज्ञाने फ्लुओरस्पार या खनिजावरून दिले. अमेरिकेत न्यू जर्सीतील फ्रँकलिनच्या खाणींतला कॅल्साइट याच कारणाने लालभडक उजळतो.

ही द्रव्ये आपल्याला परकी नाहीत. आपल्या आदिलाबाद भागात पैनगंगेच्या खोऱ्यातील प्राचीन चुनखडकांच्या थरांत मँगॅनीजचे धातुक आढळते. दख्खनच्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांतून निघालेले कॅल्साइटचे स्फटिक जळगाव-नाशिककडून जगभर गेले आहेत. संग्रहाला ते सुंदरच. पण ते नागमणी नव्हेत.

तेव्हा एवढे ध्यानात ठेवावे. उजळणे हा मौल्यवानपणाचा पुरावा नव्हे. काही हिरे उजळतात, पुष्कळ उजळत नाहीत. कॅल्साइटवर पोलादी चाकूचा ओरखडा सहज उठतो, आणि त्याच्या चुऱ्यावर सौम्य आम्ल टाकल्यास बुडबुडे येतात. विक्रेता या परीक्षेस तयार नसेल, तर पैसे कनवटीलाच राहू द्यावेत. मुलांनी जंबुपार दिव्याकडे सरळ पाहू नये. डोळ्यांना इजा होते.

चुलते आज समोरच बसले आहेत. हा दगड संस्थेच्या वाचनालयास देण्याची त्यांची इच्छा आहे. खालच्या चिठ्ठीवर मी ‘मँगॅनो-कॅल्साइट’ एवढेच लिहिणार होतो. “किंमत एक म्हैस, हेही लिही,” असे त्यांनीच बजावले. पुढच्या कोणाची तरी म्हैस वाचावी, एवढाच त्यामागे हेतू.