कोयत्याच्या हिशेबाबाहेर

जून महिन्यात शाळा उघडते, तेव्हा बीड जिल्ह्यातील एखाद्या कोरडवाहू गावी वर्ग गजबजलेला असतो. दिवाळी आटोपते आणि त्याच वर्गातील कितीतरी जागा रिकाम्या पडतात. मुले शाळेला कंटाळलेली नसतात. ती आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली असतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी थेट कर्नाटकात. खानदेशातील कुटुंबे दक्षिण गुजरातेची वाट धरतात. मार्च-एप्रिलमध्ये गळीत हंगाम संपला, की सारे परततात. शाळेचे वर्ष तोवर सरत आलेले असते.

ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मानतात. मुकादम हंगामापूर्वी उचल देतो ती या कोयत्याला, आणि ती फेडायची तोडलेल्या उसाच्या टनांवर. एकट्या माणसाला 'अर्धा कोयता' म्हणतात. भाषा किती काटेकोर आहे पाहा! मुलाला मात्र तीत पाव कोयत्याइतकीही जागा नाही.

म्हणून मूल काम करीत नाही असे थोडेच आहे? आई पहाटे फडात जाते, तेव्हा आठ वर्षांची मुलगी कोपीत राहून तान्ह्या भावाला सांभाळते, पाणी आणते, चूल पेटवते. तिच्याहून थोडा मोठा मुलगा वाढे गोळा करतो, मोळ्या बांधू लागतो, बैलांना वैरण घालतो. याची मजुरी वेगळी मिळत नाही. ती आईबापांच्या टनांत मिसळून जाते. २०११ च्या जनगणनेत पाच ते चौदा वर्षांची सुमारे १ कोटी १ लाख मुले देशात काम करताना आढळली. पण त्या मुलीच्या बापाला कोणी विचारले, तर तो अगदी प्रामाणिकपणे सांगेल, की ती काम करीत नाही, नुसती बरोबर असते.

कायद्याचीही येथे थोडी अडचण होते. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी झाली. मात्र शाळेच्या वेळेबाहेर घरच्या, बिनधोक्याच्या धंद्यात हातभार लावण्याची मुभा राहिली. कुंभाराच्या पोराने संध्याकाळी माती मळावी, याला कोण हरकत घेईल? परंतु येथे शेत दुसऱ्याचे, कारखाना दुसऱ्याचा, उचल मुकादमाची. याला घरचा धंदा म्हणणे मला तरी पटत नाही. शिवाय शाळाच दूर राहिली, तर शाळेबाहेरची वेळ ती कोणती?

हे दुखणे नवे नव्हे. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना महात्मा फुले यांनी सांगितले होते, की कष्टकरी लोक मुलांना शाळेत धाडत नाहीत याचे कारण त्यांचे दारिद्र्य, आणि गुरे राखण्यास व शेत सांभाळण्यास त्यांना मुले लागतात हे होय. निदान बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करावे, असेही त्यांनी सुचवले. सक्ती २०१० साली शिक्षणहक्काचा कायदा अमलात आल्यावर पदरी पडली खरी. आता मुलाचे नाव पटावर असते. पण शिकणे पायऱ्यापायऱ्यांनी चालते. गुणाकार शिकवला जात असताना जे मूल फडात होते, ते परतते तेव्हा वर्ग भागाकारही ओलांडून गेलेला असतो. अशी दोन-तीन वर्षे गेली, की ते मागच्या बाकावर गप्प बसू लागते. मास्तर त्याला मंद समजतात. आणि दुर्दैव असे, की तेही स्वतःला मंद समजू लागते. मग बारा-तेराव्या वर्षी हातात कोयता आला, तर त्याला सुटल्यासारखे वाटते.

उपाय झालेच नाहीत असे नाही. कारखान्यांजवळ साखरशाळा निघाल्या, गावोगावी हंगामी वसतिगृहे झाली. आजीपाशी किंवा वसतिगृहात राहिलेल्या मुलाचे वर्ष वाचते. परंतु मुलगी मागे ठेवायला आईचा जीव धजत नाही, आणि ती मागे राहिली तर तान्ह्याला सांभाळायचे कोणी? तेव्हा फडाजवळ पाळणाघर नसेल, तर वसतिगृहात त्या मुलीची खाट रिकामीच राहायची. माझी सूचना अगदी साधी आहे. मुकादम उचल देतो त्याच दिवशी, त्याच वहीत, कोयत्याबरोबर निघणाऱ्या प्रत्येक मुलाचे नाव, वय आणि इयत्ता लिहिली जावी, आणि त्या पानाची एक प्रत कारखान्याच्या गावच्या शाळेत कुटुंब पोचण्यापूर्वी पोचावी.